इसार घेण्यापूर्वी व देण्यापूर्वी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर घराच्या खरेदीविक्रीसारखा रुक्ष विषय मांडणे म्हणजे श्रीखंडानंतर काढा देण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु १८५२ साली नगरपालिका लाभलेले आपले पनवेल २०१६ मध्ये महानगरपालिका झाले, २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, आणि ज्या जुन्या घरांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यांच्या ओट्यावर दलाल येऊन बसू लागले. आपल्यापैकी अनेकांवर हा प्रसंग येणार आहे. आमच्यावर तो येऊन गेला.

वडिलांनी स्वकष्टाने बांधलेले आमचे घर जुन्या पनवेलीत होते. ते १९९८ साली वारले. मातोश्री त्यापूर्वीच गेल्या होत्या. मिळकत पत्रिकेवर आम्हा दोघा बंधूंची नावे चढली. वडील भगिनी, आमची आक्का, पेणला सासरी. तिचे नाव लावण्याचे कोणास सुचले नाही. गिऱ्हाईक आले, भाव ठरला, आम्ही इसार घेतला आणि त्यातला बराचसा खर्चूनही टाकला. पुढे खरेदीदाराच्या वकिलांनी वंशावळ मागितली, तेव्हा आक्काची सही लागेल हे ध्यानात आले.

वस्तुतः यात नवे काही नव्हते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या स्वार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. कुटुंब राहत असलेल्या घराचे वाटप मात्र भावांनी ठरविल्याखेरीज तिला मागता येत नसे. ते २३ वे कलमही २००५ च्या दुरुस्तीने गेले. सरकारी पत्रिकेवर नाव नसले म्हणून हक्क बुडत नाही. आम्ही दोघे फार तर आपले दोन तृतीयांश विकू शकत होतो, आणि पैसे घेऊन बसलो होतो सबंध घराचे!

हक्कसोडपत्राचा मसुदा खिशात घालून आम्ही पेणला गेलो. आक्काने चहा दिला, सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “दादा, घर विकायला काढलंत ते मला परक्यांकडून कळलं.” मसुदा खिशातच राहिला. पुढचे आठ महिने बोलणे बंद. इकडे खरेदीदाराने आपल्या डोंबिवलीच्या दोन खोल्या विकलेल्या. तो बायकामुलांसह भाड्याच्या जागेत दिवस काढीत होता. त्याचा अपराध काय? अखेर आक्का विक्रेती म्हणून दस्तात आली, तिचा तिसरा हिस्सा तिच्या नावे जमा झाला, तेव्हा खरेदीखत झाले.

आता खरेदीदाराच्या बाजूचे थोडे. साठेखत म्हणजे खरेदी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे नुसत्या कराराने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेतल्याचे’ समाधान मानणाऱ्यांना तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्टच सांगितले आहे की, तेणेकरून मालकी येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी दुय्यम निबंधकांच्या दप्तरात मागील तीस वर्षांचा शोध वकिलांकडून घ्यावा, बँकेचा बोजा असल्यास तो कोणाच्या पैशाने व केव्हा फिटणार हे लिहून घ्यावे, घरपट्टीच्या पावत्या पाहाव्यात. सही झाल्यावर दस्त चार महिन्यांच्या आत नोंदणीस हजर करावा लागतो. नव्या नोंदणीकृत प्रकल्पात घर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार करार नोंदविल्यावाचून विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेलची गोष्ट निराळी. तेथील भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले; त्यामुळे विकणारा जे विकतो तो पट्ट्याचा उरलेला हक्क. साडेबारा टक्के योजनेतील भूखंड असेल तर मूळ शेतकऱ्याचे वारस व त्रिपक्षीय करारनामा, दोन्ही तपासावेत. आपल्या भूखंडास आज कोणते नियम व शुल्क लागू आहे, हे सिडकोच्या कार्यालयात विचारावे, दलालाला नव्हे. आणि ते शुल्क कोणी भरावयाचे हे साठेखतातच लिहावे. अखेरच्या दिवशी निबंधकांच्या दारात यावरून झालेली भांडणे आम्ही पाहिली आहेत.

इसारपावतीत मुदत घालावी, आणि मुदत टळल्यास इसाराचे काय, तेही. आमच्या पावतीत ती ओळ नव्हती. त्या सद्गृहस्थाने आम्हांला कोर्टात खेचले नाही, हा त्याचा मोठेपणा. इसाराची रक्कम व्यवहार पुरा होईपर्यंत बँकेत निराळी ठेवावी, असे आम्ही आता सर्वांस सांगतो. आम्ही ती छपराच्या कौलांवर आणि पुतण्याच्या फीवर घातली होती.

घर देण्याच्या आदल्या दिवशी आक्का आली होती. देवघराच्या कोनाड्यातली समई तिने मागितली. ती दस्तात कोठेच लिहिलेली नव्हती. खरेदीदारानेच ती पुसून तिच्या हाती दिली.