अर्ज अडतो, तो रुजू होण्याच्या दिवशी
(आस्थापना व लेखा कर्मचाऱ्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



वेतन आयोग, जुनी पेन्शन, कंत्राटीकरण हे विषय आजच्या ठरावांत आहेतच आणि त्यांवर बोलायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी इथे बसली आहेत. मी बोलणार आहे ते तुमच्या-माझ्या टेबलाशी रोज येणाऱ्या एका वाक्यावर : 'साहेब, ऑनलाइन अर्ज केला, पण एरर येतोय.'

हे वाक्य बोलणारा माणूस कुणाचे दान मागत नसतो. कारखान्यातला कामगार कर्मचारी भविष्य निर्वाह निधीतून ॲडव्हान्स मागतो, सरकारी कर्मचारी सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीतून परतावा अग्रिम मागतो आणि पुढे पगारबिलातून हप्त्याहप्त्याने फेडतो. पैसा दोघांचाही स्वतःचाच. तो मागण्याची वेळ येते ती दवाखान्याचे बिल समोर असताना, नाहीतर मुलीच्या प्रवेशाची मुदत संपत आलेली असताना. अर्ज अडला म्हणून गरज थांबत नाही. माणूस सोने गहाण ठेवतो, नाहीतर मोबाइलवरच्या कुठल्या तरी झटपट कर्जाच्या ॲपला बळी पडतो. स्वतःचे पैसे खात्यात पडून असताना तो दुसऱ्याचे व्याज भरत बसतो.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या बघा' हे उत्तर आपण बंद केले पाहिजे. सर्व्हर कधीकधी खरेच बंद असतो, पण तो सुरूही होतो. नोंदीतली चूक आपोआप दुरुस्त होत नाही. आपल्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे दुसऱ्या जातीची असतात.

एक प्रकरण सांगतो. एका खासगी रुग्णालयातल्या आयाबाई. नोकरीला लागल्या तेव्हा लग्न व्हायचे होते. कंत्राटदाराच्या मुनशीने फॉर्म भरला, त्यात वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. पुढे लग्न झाले, आधार कार्ड निघाले ते नवऱ्याच्या नावाने. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, १ जून. शाळेत घालताना गुरुजींनीच ठरवून दिलेली; या तारखेला जन्मलेली माणसे आपल्या राज्यात गावोगाव भेटतील. आधारवर मात्र नुसतेच जन्मसाल. दर महिन्याला पगारातून कपात होत राहिली, पासबुकात रक्कम वाढत राहिली, कुणाला काही खटकले नाही. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी बाईंनी अर्ज केला आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत एक ओळ आली : नाव आधारशी जुळत नाही. नाव दुरुस्त करून पुन्हा अर्ज केला, तेव्हा कळले की जन्मतारीखही जुळत नाही. यंत्राने इथे काहीच बिघडवले नव्हते. रुजू होण्याच्या दिवशी कागदावर पडलेली चूक इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणी तरी वाचली होती, एवढेच.

बाकीची कारणेही याच घरातली. २०१९ मध्ये देना बँक आणि विजया बँक, बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. २०२० मध्ये सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल आणि युनायटेड या बँकांची नावे गेली. शाखांचे आयएफएससी कोड बदलले, पण अनेकांच्या केवायसीत जुनाच कोड राहिला. मग क्लेम मंजूर होतो आणि रक्कम बँकेतून परत जाते. कुणाची आधीच्या नोकरीतली सोडल्याची तारीखच भरलेली नसते. कुणाकडे दोन यूएएन, म्हणजे निधीचे दोन सार्वत्रिक खाते क्रमांक, असतात, आणि जुन्या खात्यातली रक्कम व सेवा नव्या खात्यात आलेलीच नसते. सेवेची अट पूर्ण असूनही यंत्राला ती अपुरी दिसते. कुणाचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो, मग ओटीपी येणार कुठे?

तेव्हा अर्जदार समोर बसला की पुन्हापुन्हा बटण दाबण्याआधी क्रमाने पाहावे. आधी आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे का. मग निधीच्या खात्यातले नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी अक्षर न अक्षर जुळते का. मग बँक खाते, आयएफएससी आणि केवायसीची मंजुरी. मग जुने सदस्य क्रमांक, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख. आणि शेवटी, ज्या कारणासाठी पैसे मागितले त्याची सेवेची अट. सोडल्याची तारीख जुन्या मालकाने भरलीच नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी सदस्य ती स्वतः भरू शकतो. ही सोय आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

सरकारी नोकरांचेही काही वेगळे नाही. राज्य शासनाच्या सेवार्थ वेतन प्रणालीत पगारबिल निघते, कपातीचे अनुसूचीपत्रक कोषागारामार्फत महालेखापालांच्या मुंबई किंवा नागपूर कार्यालयाकडे जाते. खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला, किंवा बदलीनंतर मालिका चुकीची पडली, की त्या महिन्याची जमा भलतीकडे जाते. वार्षिक विवरणपत्र हातात येते, कर्मचारी ते वाचत नाही, आपण फाइलला लावतो. अग्रिमाच्या वेळी शिल्लक कमी दिसते आणि मग गेल्या पंधरा वर्षांची पगारबिले धुंडाळावी लागतात. विवरणपत्र आले त्या आठवड्यात ताडून पाहिले असते, तर ते काम एका दुपारचे होते.

आता कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या यंत्रणेबद्दल. तिने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एक लाखापर्यंतचे ॲडव्हान्स माणसाचा हात न लागता निकाली काढण्याची सोय २०२४ मध्ये झाली, २०२५ मध्ये ती मर्यादा पाच लाखांवर गेली. चेकचा फोटो चढवण्याची सक्ती त्याच वर्षी गेली. अंधूक फोटोपायी किती अर्ज परत आले, हे तुम्हाला सांगायला नको. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारच्या आधारे यूएएन मिळालेल्यांना नाव आणि जन्मतारीख मालकाच्या मंजुरीशिवाय दुरुस्त करता येते. पण त्याआधीपासून नोकरीत असलेला, म्हणजे ज्याच्या खात्यात सर्वांत जास्त रक्कम आणि ज्याच्या कागदांत सर्वांत जास्त गोंधळ, तो मात्र अजून तुमच्या-माझ्या मंजुरीवर अवलंबून आहे. त्याचे जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे दुरुस्तीचा संयुक्त अर्ज, आपल्या लॉगिनमध्ये पडून राहिला, तर दोष दिल्लीला देता येणार नाही.

आणि दिल्लीला जे विचारायचे, तेही आज ठणकावून विचारू. १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेच्या ७२ व्या परिच्छेदात स्वच्छ लिहिले आहे, की परिपूर्ण दावा २० दिवसांत निकाली काढायचा आणि त्यात त्रुटी असेल तर तीही तेवढ्याच मुदतीत लेखी कळवायची. सबळ कारणाशिवाय उशीर झाला, तर १२ टक्के दंडव्याज लावून ते आयुक्तांच्या पगारातून वसूल करण्याचीही तरतूद आहे. त्रुटी एकेक करून न सांगता पहिल्याच वेळी सगळ्या सांगाव्यात, अशी सूचना २०२२ मध्ये कार्यालयांना गेलेली आहे. मग आयाबाईंना दोनदा नकार का मिळाला? 'तपशील जुळत नाही' एवढे म्हटल्याने कायद्याला अपेक्षित असलेले लेखी कारण दिल्यासारखे होत नाही. कोणता तपशील, कोणत्या नोंदीशी, कुठे आणि कुणाकडून दुरुस्त होईल, हे मराठीत आणि एकाच वेळी सांगितले, तरच ते कारण. असा ठराव या परिषदेने करून निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे पाठवावा, अशी मी सूचना मांडतो.

ज्यांचे क्लेम वरचेवर परत येतात, त्यांच्यामागे दलाल लागतात. टक्केवारी ठरवतात, पासवर्ड घेतात, ओटीपी मागतात, आणि पैसे भलत्याच खात्यात जातात. यावर पोलिसी उपाय आहेतच, पण दलालाचे दुकान चालते ते आपले टेबल रिकामे असते म्हणून. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास 'निधी आपके निकट' हे शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरते. आपल्या आस्थापनेतली अडलेली प्रकरणे एकत्र करून आपल्यापैकी एकाने ती तिथे न्यायला काय हरकत आहे?

शेवटी आपल्याच घरचे काम. प्रत्येक आस्थापनेने वर्षातून एक आठवडा नोंद-तपासणीसाठी राखावा. प्रत्येक कर्मचाऱ्याला समोर बसवून आधार, सेवापुस्तक, निधीचे खाते आणि बँक पासबुक ही चारही शेजारी ठेवून वाचावीत. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींपासून सुरुवात करावी, नंतर निवृत्तीला पाच वर्षे उरलेल्यांकडे वळावे. नवा माणूस रुजू होईल, त्याचा फॉर्म मुनशीच्या भरवशावर न सोडता आधार समोर ठेवून आपण स्वतः भरून घ्यावा. यासाठी शासन निर्णय लागत नाही, अनुदान लागत नाही.

ज्याचे पैसे त्याला गरजेच्या दिवशी मिळाले नाहीत, तर आपली बिले, आपले ताळेबंद आणि आपल्या डिजिटल सह्या यांना काही अर्थ नाही. पुढच्या परिषदेला येताना प्रत्येकाने आपल्या आस्थापनेतील किती नोंदी दुरुस्त झाल्या त्याची यादी बरोबर आणावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.