दोन जीबीची वेस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू संगणकात नेमकं करतोस काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. एकाच कामाचं सांगतो.

एका पतसंस्थेचा जुना युनिक्स संगणक मोडीत काढायचा होता. खातेदारांची सगळी खतावणी नव्या यंत्रावर न्यायची आणि मग जुन्या डिस्क पुसायच्या. खातेदार आपल्यासारखेच, भात विकून चार पैसे टाकणारे. एक नोंद गळाली तरी कुणाची तरी ठेव गळाली.

सगळ्या फायली टार या आज्ञेने एका गठ्ठ्यात बांधायला घेतल्या. गठ्ठा एक जीबीपाशी अडला. डिस्कवर जागा भरपूर! युलिमिट ही आज्ञा दिल्यावर कारण दिसलं: वापरकर्त्याला मर्यादा २०९७१५१ ठोकळ्यांची, आणि ठोकळा ५१२ बाइटचा. ती वाढवून घेतली.

पुन्हा अडला, या वेळी २,१४,७४,८३,६४७ बाइटवर. सरांनी दोनाचे घात पाठ करून घेतले होते, म्हणून आकडा ओळखीचा वाटला. दोनाचा एकतिसावा घात, वजा एक. (ही मूळ संख्या आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, सर, हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतं!) जुनं युनिक्स फाइलमधली जागा ३२ बिटांत मोजतं. एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातं, उरतात ३१. ही वेस कुठल्याही आज्ञेने सरकत नाही.

उपाय आपल्या खळ्यावरचा. भारे एका गाडीत मावत नसतील तर खेपा करायच्या. टारचा गठ्ठा डिस्कवर न उतरवता पाइपमधून थेट स्प्लिटकडे दिला, त्याने पाचशे-पाचशे एमबीचे तुकडे केले. मोठी फाइल तयारच झाली नाही. तुकड्यांच्या नावांना शेवटी एए, एबी, एसी लागतं, त्यामुळे पलीकडे कॅटने जोडताना क्रम बिघडत नाही. एफटीपी बायनरी पद्धतीनेच, कारण मजकुराची पद्धत ओळींच्या शेवटांत ढवळाढवळ करते. मग प्रत्येक तुकड्याचा सीकेसम दोन्हीकडे जुळवायचा. काम कंटाळवाणं, पण पुसण्याआधी हातात असलेला पुरावा तेवढाच. सगळे जुळले, ठेवींची बेरीजही जुळली, तेव्हाच डिस्कला हात लावू दिला.

तसं युनिक्स वेळही अशाच ३२ बिटांत मोजायचं, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. ते १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतील, आणि पुढच्याच सेकंदाला असं यंत्र १९०१ साल दाखवील. पौष पौर्णिमा त्याच आठवड्यात आहे. म्हशाच्या जत्रेला मी येणारच, बैलबाजार बघायला. कुणाच्या दुकानात, संस्थेत तसलं जुनं यंत्र अजून चालू असेल, तर मात्र मला त्याआधीच बोलवा.