परदेशी जावे, पण केव्हा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"परदेशच्या सहलीला कोठे जावे आणि कोणत्या दिवसांत जावे?" असा विषय चिटणीसबाईंनी दिला आहे. एके काळी आपल्या मंडळाची सहल म्हणजे आळंदी, आणि फार झाले तर महाबळेश्वर. आता येथे बसलेल्या कित्येकजणींच्या कपाटात पासपोर्ट आहे. तेव्हा विषय अगदी वेळेवरचा आहे, यात शंका नाही.

मी काही जगप्रवासी नव्हे. एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, एवढीच माझी पात्रता. आणि तो भूगोल ऐन वेळी माझ्या स्वतःच्या कामी कसा आला नाही, ही हकीकतच मी प्रथम सांगणार आहे.

२०१५ साली मी माझ्या ताईला श्रीलंकेला घेऊन गेले. ताई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. आयुष्यात ती मुंबईपलीकडे फारशी गेली नव्हती. तिला एकच इच्छा होती : देवमासा पाहावयाचा. लहानपणी आम्ही रत्नागिरीस होतो, तेव्हा किनाऱ्यावर मेलेला देवमासा वाहून आल्याची गोष्ट वडील सांगत. तेव्हापासून जिवंत देवमासा पाहण्याचे तिच्या मनात होते. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा नावाचे गाव आहे. तेथून नावेने समुद्रात नेऊन देवमासे दाखवितात, असे मी वाचले होते. मेच्या शेवटच्या आठवड्यातली एक सहल फारच स्वस्त मिळाली. मी लगेच पैसे भरले. सहलवाल्याला "एवढी स्वस्त का?" असे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही.

आम्ही गॉलला पोहोचलो तो पाऊस. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी समुद्र इतका खवळलेला की, नावा निघण्याचा प्रश्नच नव्हता. ताई हॉटेलच्या खिडकीशी बसून बाहेर पाहत होती. ती मला म्हणाली, "अग, असाच पाऊस रत्नागिरीस फुकट दिसतो."

मैत्रिणींनो, नैऋत्य मोसमी वारे हा धडा मी एकतीस वर्षे शिकवला. फळ्यावर बाण काढून शिकवला. तरीही, ते बाण जाता जाता गॉलवरूनच जातात, हे माझ्या ध्यानात आले नाही!

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. श्रीलंका हे लहानसे बेट. पण त्याला पावसाळे दोन. मध्यभागी डोंगर आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे गॉल आणि कोलंबोच्या बाजूला पाऊस पाडतात, आणि डोंगर ओलांडून पलीकडे उतरतात तेव्हा कोरडे झालेले असतात. महाबळेश्वरी धो धो आणि माणदेशात ठणठणाट, तसाच हा प्रकार. डिसेंबर ते फेब्रुवारी वारे ईशान्येचे असतात. मग त्रिंकोमालीच्या बाजूला पाऊस, आणि गॉलकडे समुद्र शांत. म्हणजे आम्ही खिडकीशी बसलो होतो, त्याच दिवसांत त्याच बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर ऊन पडलेले असते आणि तेथूनही देवमासे दाखवायला नावा निघतात. देश चुकला नव्हता. किनारा चुकला होता, किंवा महिना चुकला होता.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. तीत देशांची नावे मागाहून येतात. आधी तीन प्रश्न असतात. ते मी आपणांस सांगते.

पहिला प्रश्न : आपणांला नेमके काय पाहावयाचे आहे? "युरोप पाहावयाचा" हे उत्तर नव्हे. ट्यूलिपच्या बागा पाहावयाच्या असतील तर हॉलंडमधील कोकेनहॉफची बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. मुलांच्या परीक्षा संपवून, लग्नाची दोन आमंत्रणे उरकून मेअखेर निघालात, तर बाग मिटलेली. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखची आगगाडी बाराही महिने चालते. ३४५४ मीटर उंचीवरचे ते स्थानक, तेथे बर्फ केव्हाही भेटेल. परंतु फुर्कासारख्या उंच घाटांतून मोटारीने जाण्याची हौस असेल, तर ते घाट साधारण जूनपर्यंत बर्फाने बंद असतात. नॉर्वेत उत्तर टोकाला मध्यरात्रीचा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दिसतो, आणि आकाशातले ते हिरवे उत्तरप्रकाश दिसावयास अंधारी रात्र लागते, म्हणजे शरद ऋतूपासून मार्चपर्यंतचे दिवस. माझी एक विद्यार्थिनी दोन्ही एकाच सहलीत पाहण्याचे ठरवीत होती. मी तिला म्हटले, "बाई, एकाच दिवशी होळी आणि कोजागिरी कशी होईल?"

आपल्याकडे सहलीचा महिना मुलांच्या सुटीवरून ठरतो, म्हणून मी एप्रिल-मे आणि दिवाळी या दोन सुट्या घेऊन माझ्या वहीतून काही सांगते. मे महिन्यात इटली, स्पेन, ग्रीस येथे हवा सुखाची असते. इंग्लंडात दिवस मोठे होऊ लागलेले असतात. बालीत कोरडा ऋतू सुरू झालेला असतो. उलट थायलंडात एप्रिलचा उन्हाळा आपल्यासारखाच कडक, आणि केनियात मार्च ते मे हे मोठ्या पावसाचे दिवस. मसाई मारातील रानगव्यांचे कळप नदी ओलांडताना पाहावयाचे, तर जुलै ते ऑक्टोबर हा काळ.

दिवाळीच्या सुटीत इजिप्तचा उन्हाळा ओसरलेला असतो. नेपाळात आकाश निवळून हिमशिखरे स्पष्ट दिसतात. जपानात नोव्हेंबरात क्योटोच्या देवळांभोवतीचे मेपल लाल होतात. मात्र त्याच दिवसांत व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर, होई आनच्या बाजूला, पावसाने पूर येतात. उत्तरेला हनोईत त्या वेळी हवा छान असते. थायलंडातही आमच्या श्रीलंकेसारखीच गंमत आहे. फुकेतच्या बाजूला नोव्हेंबरापासून हवा सुधारते, आणि पलीकडे आखातातल्या को सामुई बेटावर नोव्हेंबरातच सर्वांत जास्त पाऊस पडतो. नाताळच्या सुटीत जावयाचे असेल, तर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया येथे तेव्हा उन्हाळा असतो, हे लक्षात ठेवावे. लोकरीचे कपडे भरून नेऊन घामाघूम झालेल्या बायका मला ठाऊक आहेत.

दुसरा प्रश्न : त्या दिवसांत तेथल्या माणसांचे काय चाललेले असते? ऋतू आकाशात असतो, तसा माणसांतही असतो. जपानात चेरीचा बहर पाहावयाचा म्हणून कित्येकजणी एप्रिलअखेर निघतात. टोकियो आणि क्योटोत तो बहर मार्चअखेर व एप्रिलच्या आरंभी येतो आणि भर ओसरावयास आठवडाही पुरतो. एप्रिलअखेर फुले उत्तरेला होक्काइदोकडे गेलेली असतात. आणि २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात तेथल्या सणांच्या सुट्या येत असल्याने सारा जपान प्रवासाला निघालेला असतो. आपल्या गणपतीला कोकणची गाडी मिळते का? तसेच ते.

बालीत शक वर्षाचा पहिला दिवस न्येपी म्हणून पाळतात. शक म्हणजे आपलाच शक. बहुधा मार्चात, पुष्कळदा आपल्या पाडव्याच्या आसपास हा दिवस येतो. आपण गुढ्या उभारतो, ते मौन पाळतात. चोवीस तास कोणी घराबाहेर पडत नाही, दिवे मंद ठेवतात, विमानतळसुद्धा बंद असतो. पाहुण्यांनीही हॉटेलातच राहावयाचे. ज्याला ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने तो अपूर्व अनुभव. ज्याचे परतीचे विमान त्या दिवशी आहे असे तो समजून बसला आहे, त्याची मात्र धांदल. रमजानचेही असेच. त्यांच्या चांद्रवर्षात अधिक मास नाही, म्हणून रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. तुर्कस्तान, जॉर्डन, इजिप्त येथे जाताना तो कोणत्या महिन्यात येतो, हे पाहून घ्यावे. काही ठिकाणी दिवसा खाणावळी बंद असतात, आणि रात्री रस्ते गजबजतात. दोन्ही जाणून गेलेले बरे.

येथे एक सावधगिरीची सूचना. पुस्तकात छापलेल्या महिन्यांवर आता डोळे मिटून विसंबू नये. क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी बाराशे वर्षांपासून आहेत; त्या साऱ्यांत तोपर्यंतचा सर्वांत लवकर बहर आला तो २०२१ साली, २६ मार्चला. अथेन्समध्ये जुलै २०२३ मध्ये इतके ऊन तापले की, अ‍ॅक्रोपोलिस काही दिवस दुपारी बंद ठेवावे लागले. ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी जुलै-ऑगस्टात दक्षिण युरोपच्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे. तेथे जावयाचे ते मेमध्ये, नाही तर सप्टेंबरअखेर. दोन ऋतूंच्या सांध्यावरच्या या दिवसांत गर्दी कमी, तिकिटाचा दर थोडा उतरलेला आणि ऊनही सोसवणारे असते. स्वस्त सहल वाईटच, असे माझे म्हणणे नाही. जानेवारीत पॅरिसची चित्रसंग्रहालये पाहावयास काहीच हरकत नाही; चित्रांवर पाऊस पडत नाही. परंतु स्वस्त का, हे विचारावे, आणि उत्तर ऐकून मग पैसे भरावेत.

तिसरा प्रश्न माझ्या वहीत प्रथम नव्हता. तो मागाहून लिहावा लागला.

श्रीलंकेहून परत आल्यावर मी ताईला म्हटले, "पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जाऊ. आता मला महिना कळला आहे." ताई हो म्हणाली. २०१६ च्या फेब्रुवारीत तिच्या धाकट्या मुलाचे लग्न निघाले. २०१७ च्या फेब्रुवारीत सुनेचे दिवस भरत आले होते. "पुढच्या वर्षी नक्की," असे आम्ही दोघींनी म्हटले. २०१८ च्या जानेवारीत ताई न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती काठीशिवाय अंगणापर्यंतही गेली नाही.

म्हणून तिसरा प्रश्न हा : आपल्या स्वतःचा ऋतू कोणता चालला आहे? आपल्या घराला मोकळा महिना कधीच नसतो. एप्रिलात पापड-कुरडया, मेमध्ये पाहुणे, भाद्रपदात गौरी-गणपती, मग दिवाळी, मग लग्नसराई, मग नातवंडांच्या परीक्षा. घराला आपल्यावाचून आठ दिवस चालणार नाही, अशी आपली समजूत असते, आणि ती समजूत घरातल्या माणसांपेक्षा आपणच अधिक जपून ठेवतो. गॉलचा समुद्र दर फेब्रुवारीला शांत होतो. तो पुढच्या वर्षीही होईल. गुडघे मात्र दर फेब्रुवारीला बरे होत नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, माझे सांगणे थोडक्यात असे. ज्या सहलीला चढ-उतार आणि चालणे फार, ती आधी करावी. बोटीतून, आगगाडीतून बसून पाहावयाच्या जागा मागाहूनसाठी ठेवाव्यात. महिना ठरला की तो घरातल्या सर्वांना सांगून टाकावा, आणि कालनिर्णयावर लाल शाईने लिहावा, म्हणजे कोणी त्या तारखांवर मुंज घालणार नाही. युरोपच्या व्हिसासाठी सहा महिने आधी अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी रांगा लागतात, म्हणून ते काम लवकर उरकावे.

शेवटी ताईचेच सांगते. २०१९ च्या फेब्रुवारीत तिने मला बळेच पाठविले. "तू तरी जा, तुझे पाय अजून चालताहेत," म्हणाली. भाचीला घेऊन मी गेले. मिरिस्साहून नाव निघाली. समुद्र ताटात वाढलेल्या पाण्यासारखा स्थिर होता. दोन तासांनी एक निळा देवमासा वर आला, त्याने फवारा सोडला, आणि पाठ दाखवून तो खाली गेला. सारे मिळून मिनिटभर झाले असेल. संध्याकाळी मी ताईला फोन केला. तिने प्रथम विचारले, "पाऊस आहे का ग?" मी म्हटले, "नाही." ती म्हणाली, "मग आता सावकाश सांग. किती मोठा होता?"

मी सांगितले. अर्धा तास सांगत होते. पण सांगणे ते सांगणे, मैत्रिणींनो. तो मासा तिने पाहावयास हवा होता, आणि २०१५ साली मी फळ्यावरचे माझेच बाण नीट पाहिले असते, किंवा २०१६ साली आम्ही लग्नाची तारीख पंधरा दिवस पुढे ढकलून घेतली असती, तर तिने पाहिला असता.

आज घरी गेल्यावर आपापल्या मनातली एक जागा आणि तिचा महिना कागदावर लिहून ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.