अतिवृष्टीची मदत : पंचनामा ते बँक खाते
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीनाकाठची पिके पाण्याखाली गेली, काही ठिकाणी मातीही वाहून गेली. अशा वेळी शासन मदत जाहीर करते. पण जाहीर झालेली मदत आणि खात्यात पडलेले पैसे यांत बरेच अंतर असते. ते कसे कमी करता येईल, एवढेच आज सांगणार आहे.

पीक ३३ टक्के किंवा त्याहून अधिक गेले असेल तरच मदत मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेले हेक्टरी दर असे : जिरायत ८,५०० रुपये, बागायत १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिके २२,५०० रुपये, मर्यादा २ हेक्टर. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने ही मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी १०,००० रुपये जास्तीचे जाहीर केले.

हिशेब करून पाहा. तीन एकर, म्हणजे सुमारे १.२० हेक्टर जिरायत सोयाबीन पूर्ण गेले, तर ८,५०० च्या दराने १०,२०० रुपये होतात. बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी यांचा खर्च त्यात भरून निघत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ही नुकसानभरपाई नव्हे. पुढच्या पेरणीला दिलेला हातभार आहे. म्हणून तो पेरणीपूर्वी हाती पडणे महत्त्वाचे.

त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) ई-पीक पाहणी वेळेत करावी. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल, तर पंचनाम्याच्या वेळी वाद होतो.

२) पंचनाम्यापूर्वी पीक मोडू नये. पाणी साचले असेल तर चर काढून निचरा जरूर करावा, मात्र आधी छायाचित्रे घ्यावीत. पंचनाम्याला स्वतः हजर राहून गट क्रमांक, पीक व बाधित क्षेत्र तपासून घ्यावे.

३) आधार बँक खात्याशी जोडलेले असावे. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर काढून घ्यावा.

४) वारस नोंद करून घ्यावी. वडील वारले, पण सातबारा त्यांच्याच नावावर, अशी घरे गावोगाव आहेत. मृताच्या नावावर पैसे जमा होत नाहीत. सामाईक खात्यात सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. ही कामे आपत्तीनंतर नव्हे, उन्हाळ्यातच उरकावीत.

५) यादी गावात लागताच नाव पाहावे. नाव नसल्यास तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

पीक विमा ही वेगळी बाब आहे. पंचनामा झाला म्हणजे विम्याचे काम झाले, असे समजू नये. तसेच मदतीची रक्कम बँकेने कर्जवसुलीत वळती करू नये, असे शासन निर्णयात सहसा नमूद असते. तसे घडल्यास त्या निर्णयाची प्रत जोडून तक्रार करावी.

बटाईने शेत कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे मदत मालकाच्या खात्यात जाते. खर्च ज्याने केला त्याला त्याचा वाटा देणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. शासनाचा कागद तेथे पोचत नाही, गावाने पोचावे.

वापसा येताच रब्बीच्या तयारीला लागा.