कोयता, खाडा आणि कायदा

दिवाळीच्या सुमारास कळंब-वाशीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता; उचल मात्र मुकादम बहुधा पुरुषाच्याच हाती देतो. खाडा पडला की पैसे कापतात. अशात बाईला दिवस गेले, तर? एरवी गावात गर्भ पाडणे पाप मानतात. फडावर मात्र बुडणाऱ्या मजुरीचा हिशेब आधी होतो. शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींवरून १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. त्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. पण संमती तिची आणि मजुरी त्याच्या हाती, हे जुळावे कसे? तेव्हा निम्म्या कोयत्याची मजुरी बाईच्या नावे मांडा. मूल ठेवायचे की नाही, ते ती मग न भिता सांगेल.