सात किलोंचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याला धड घर नाही, दार नाही, अशा माणसाला हिणवण्यासाठी आपण ती वापरतो. आज मात्र मी त्या विंचवाची बाजू घेऊन चार शब्द बोलणार आहे. बिऱ्हाड पाठीवर मावेल एवढेच ठेवणे ही मोठी विद्या आहे, आणि ती मी वयाच्या पन्नाशीत, विमानतळावरच्या वजनकाट्यापुढे उभा राहून शिकलो.

मी खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या चार मुलांनी एका हिवाळ्यात हट्ट धरला की, काश्मीरला गुलमर्गला जाऊन स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ, शिकायचा. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची हे शिकवणारी संस्था आहे. २०२० पासून तिथे खेलो इंडियाचे हिवाळी सामनेही होऊ लागले. तेव्हा आपल्या मुलांनी तिकडे का पाहू नये? मुलांनी पैसे जमवले, मी बरोबर निघालो, आणि वेळ वाचावा म्हणून श्रीनगरपर्यंत विमानाची तिकिटे काढली. त्यांतल्या त्यांत सर्वांत स्वस्त तिकिटे काढली.

त्या स्वस्ताईतच खरी मेख होती. विमानाला प्रत्येक किलो उचलायला इंधन लागते. २००८ साली खनिज तेल भडकले तेव्हा अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने प्रवाशाच्या पहिल्याच बॅगेला १५ डॉलर आकारायला सुरुवात केली, आणि पुढे ही रीत पुष्कळ ठिकाणी पसरली. आपल्याकडे देशातल्या देशात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या विमानाच्या पोटात १५ किलो आणि हातात ७ किलो सामान नेऊ देतात. परंतु २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने कंपन्यांना अशी मुभा दिली की, जो प्रवासी पोटातले सामान नेणार नाही त्याला तिकिटात सवलत द्यावी. आमची तिकिटे ह्या सवलतीची होती. म्हणजे जे काय न्यायचे ते हातातल्या सात किलोंत. हे तिकिटावर लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. दुसऱ्यांना सूचना नीट वाचा म्हणून सांगण्यात ज्याची हयात गेली, त्या मास्तराने वाचले नव्हते!

विमानतळावर एकेक पिशवी काट्यावर चढली. कुणाची दहा किलो, कुणाची अकरा. एकाने घरची गोधडी कोंबली होती, ती एकटीच अडीच किलोंची. पाच जणांचे मिळून सोळा किलो जास्त भरले. मी पाकीट काढले आणि वाटखर्चासाठी राखून ठेवलेल्या रकमेचा मोठा वाटा तिथे मोजला. चूक कंपनीची नव्हती, माझी होती.

मुलांपैकी एकाने मात्र मला पैसे भरू दिले नाहीत. त्याने पिशवीतून दोन किलोंचा डबा काढला आणि रांगेतल्या लोकांना, हमालांना, झाडणाऱ्या बाईला शेंगदाण्याचे लाडू हसत हसत वाटून टाकले. जाड चादर होती, ती अंगाभोवती गुंडाळली. काटा सातावर आला. विमान उडाल्यावर खिडकीबाहेर बघत तो मला हळूच म्हणाला, "सर, आईला सांगू नका." त्याच्या आईने कोंबड्या विकून त्याच्या खर्चाची निम्मी रक्कम उभी केली होती, आणि ते लाडू तिने दोन रात्री जागून वळले होते.

श्रोतेहो, तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेला नाही. परत आल्यावर मी शाळेतला ताणकाटा खाली काढला.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, ओझे वस्तूंचे असते तसे पिशवीचेही असते. आम्ही हौसेने चाकांच्या बॅगा घेतल्या होत्या. त्या रिकाम्याच अडीच-तीन किलो भरल्या. म्हणजे सात किलोंपैकी तिसरा हिस्सा केवळ भांड्याचा! साधी कापडी पाठपिशवी आठशे ग्रॅमची असते.

दुसरी गोष्ट खेळाच्या साहित्याची. स्कीचे बूट एका जोडीला साडेतीन-चार किलो भरतात. स्की आणि त्यांवरचे खटके मिळून आणखी पाच-सहा किलो. स्कीच्या काठ्या तर हातातल्या सामानात नेऊच देत नाहीत. हे सगळे गुलमर्गला भाड्याने मिळते. नवशिक्याने ते विकत घेऊन वाहून नेणे म्हणजे पोहायला शिकण्याआधी विहीर खणणे. संस्थेकडून काय मिळणार आणि आपण काय आणायचे, हे आधी विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट कपड्यांची, आणि इथे शिक्षक मंडळींना वर्गात शिकवण्याजोगे बरेच आहे. थंडी म्हटली की आपण जाडजूड एकच कपडा शोधतो. परंतु ऊब कापडात नसते, कापडात अडकून राहिलेल्या हवेत असते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे. आत अंगाला चिकटणारा, घाम बाहेर टाकणारा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. मध्ये हवा धरून ठेवणारा स्वेटर. आणि बाहेर वारा व ओल अडवणारे पातळ जाकीट. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटर उंचीवर, तर तिथल्या रज्जुमार्गाचे वरचे टोक सुमारे ३,९५० मीटरवर आहे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. चढताना एक कपडा उतरवावा, वर गेल्यावर पुन्हा चढवावा.

सुती कपडा मात्र तिथे वैरी. तो घाम पितो आणि लवकर वाळत नाही. ओल उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. लोकरीचे तसे नाही. आपला धनगर भर पावसात मेंढरांमागे घोंगडी पांघरून उभा असतो. घोंगडी ओली झाली तरी तिची ऊब अगदी जात नाही, हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे. मुलांना हे दाखवायचे तर एक सोपा प्रयोग आहे. दोन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एकाला ओले सुती फडके गुंडाळा, दुसऱ्याला ओले केलेले लोकरी कापड. दर पाच मिनिटांनी तापमापी वाचून फळ्यावर आकडे मांडा. कोणता डबा आधी निवतो ते मुलांनाच सांगू द्या.

कपडे किती न्यावेत? आम्ही एक नियम बसवला: एक अंगावर, एक दोरीवर, एक पिशवीत. चौदा दिवसांसाठीही तेवढेच पुरतात, कारण लोकरीचे मोजे आणि पातळ आतले कपडे खोलीतल्या शेगडीच्या उबेला रात्रीतून वाळतात. वारकऱ्याला हे सांगावे लागत नाही. तो पंढरपूरची वाट खांद्यावरच्या पडशीवर चालतो.

आणि जे जड ते अंगावर घालावे. जाकीट, मोठे बूट, जाड स्वेटर घालूनच विमानात चढावे. अंगावरचे कपडे काट्यावर चढत नाहीत. ही लबाडी नव्हे. तपासणीच्या ठिकाणी जाकीट काढून द्यावे लागते, एवढे ध्यानात असू द्या. खिशात सुरी, कात्री नको. मोबाईलची पॉवर बँक पोटातल्या सामानात घालायची नसते, ती हातातच ठेवायची. आणि आयाबायांना मुद्दाम सांगतो, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधून देऊ नका. त्यात तेल फार, ते पेट घेते म्हणून विमानात चालत नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही शाळेतच रंगीत तालीम केली. हातातल्या बॅगेचे माप बहुधा ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटर असते. सातवीच्या मुलांनी त्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके केले, त्याचे घनफळ काढले, ते अठ्ठेचाळीस लिटर आले. मग एकेक वस्तू ताणकाट्याला टांगून वजन फळ्यावर लिहिले. पाठपिशवी आठशे ग्रॅम. आतल्या कपड्यांचे दोन जोड आठशे. मधला एक स्वेटर चारशे. ओल अडवणारी विजार सहाशे. तीन जोड मोजे अडीचशे. टोपी, हातमोजे, मफलर चारशे. बर्फावरचे ऊन डोळ्यांना फार जाचते, म्हणून चष्मा, तो दीडशे. खोलीत घालायचे कपडे सातशे. औषधे, साबण, तेलाची लहान कुपी, पंचा, चपला, वही, चार्जर... अशी बेरीज करत गेलो. एका मुलाने इस्त्री न्यायची ठरवली होती. फळ्यावर दीड किलोचा आकडा पडताच त्याने ती आपण होऊन बाजूला ठेवली. कुणाला रागवावे लागले नाही. आकडा समोर आला की माणूस शहाणा होतो. शेवटी बेरीज आली सहा किलो दोनशे ग्रॅम.

मागच्या वर्षी लाडू वाटून टाकणारा तो मुलगा पुढचा अभ्यासक्रम करायला यंदाही येणार होता. त्याने फळ्याकडे बघून विचारले, "सर, आठशे ग्रॅम उरतात ना?"

मी म्हटले, "उरतात."

त्याने घरी जाऊन आईला बरोबर आठशे ग्रॅमचे लाडू मागितले. ती म्हणाली, "एवढेच? मागच्या वेळी दोन किलो दिले होते, ते पुरले का?" तो म्हणाला, "पुरले."

विमानतळावर काट्याने बरोबर सात दाखवले. कारकुनाने मान हलवली आणि आम्ही पुढे गेलो. लाडू गुलमर्गला पोहोचले. बर्फात ते असे दगडासारखे घट्ट झाले की, खाण्याआधी घटकाभर काखेत धरावे लागले. पण खाल्ले आम्हीच.

तुमच्यापैकी थोडेच लोक बर्फावर जातील, हे मला ठाऊक आहे. पण मुले आता दूर दूर जाणार, आणि निघताना आई काहीतरी बांधून देणारच. पाठपिशवी भरताना नको ते आधी बाहेर काढा, म्हणजे त्या पुडक्याला जागा राहील.