अक्षर आणि आकडा
(महोत्सवी व्याख्यानमालेतील एक भाषण)



नमुना-रॉकेटच्या मोटरीवर ‘सी 6-5’ असे छापलेले असते. मुले अक्षर पाहून मोटर निवडतात, आणि घोटाळा तेथेच होतो.

अक्षर सांगते एकूण आवेग. म्हणजे रेटा किती आणि तो किती वेळ टिकला, यांचा गुणाकार. ‘ए’ वर्गाची मर्यादा 2.5 न्यूटन-सेकंद, ‘बी’ची 5, ‘सी’ची 10. पुढचा आकडा सरासरी रेट्याचा. सुमारे 102 ग्रॅम वजन तोलून धरण्यास जो जोर लागतो तो एक न्यूटन. हंड्यात पाणी किती हे अक्षराने कळते. तोटी केवढी हे आकड्याने.

‘सी 6’ आणि ‘सी 11’, दोहोंत सुमारे 9 न्यूटन-सेकंदच. पहिली ते 1.9 सेकंदांत खर्चते, दुसरी 0.8 सेकंदात. (भागाकार करणाऱ्यास पहिलीचे 6 नव्हे, पावणेपाच मिळतील, छापील आकडा ढोबळ असतो.) जड रॉकेटास पहिली लावली तर दोन हात लांबीची सळई सोडताना त्याचा वेग इतका थोडा असतो की पंखांना हवेचा आधार मिळत नाही. रॉकेट कलंडते आणि बघ्यांवर येते. म्हणून सुटताना रेटा वजनाच्या निदान पाचपट हवा, असा या छंदातला दंडक आहे.

आता रेटा येतो कोठून? एका वेळी दारूचा जेवढा पृष्ठभाग जळतो, त्यावर तो अवलंबून. ‘सी 6’च्या कागदी नळीत काळी दारू घट्ट दाबलेली असते आणि खालच्या टोकाला लहानशी पोकळी ठेवतात. तेथे आरंभी जास्त पृष्ठभाग पेटतो, रेटा क्षणभर 14 न्यूटनपर्यंत चढतो, मग चार-पाचावर स्थिरावतो. पण मोटर पडून आतली वडी तडकली, तर त्या भेगाही पेटतात आणि नळी फुटते.

घरी दारू ठासणे घातक ते यामुळेच. 1957 मध्ये स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेत कित्येक मुले धातूच्या नळ्या भरू लागली व जायबंदी झाली. नेब्रास्कातील जोड्यांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी कागदी मोटर आधीच सिद्ध केली होती. हॅरी स्टाइन यांनी ती लोकांपुढे आणली.

राहिला शेवटचा 5. दारू संपल्यावर इतक्या सेकंदांनी छत्री उघडते. जड रॉकेट तोवर वळून खाली निघालेले असते. त्याला 3 लिहिलेली मोटर घ्यावी.